बारा नंबरच्या खोलीची सूचना

१

वैबदे वस्तीच्या चढावरल्या त्या कचेरीत रुदैना रोज सकाळी साडेआठला पोहोचायची. चहात मरामियाची दोन सुगंधी पानं टाकायची, बूट काढून टेबलाखाली सरकवायची आणि खुशालीचं पान उघडायची. कंपनीनं त्या पानाला भारदस्त नाव दिलेलं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. त्या पानावर आठ ओळी होत्या: ईमेल, साठवण, नावनोंदणी वगैरे. प्रत्येक ओळीपुढे हिरवा ठिपका असला की कंपनी सांभाळायची त्या चार हजार वेबसाइटवाल्यांची खुशाली आहे असं समजायचं.

हे चार हजार म्हणजे बडी मंडळी नव्हेत. मृत समुद्राच्या चिखलाचे साबण विकणारे अबू सख्र होते, इर्बिदला लग्नाचे झगे भाड्यानं देणाऱ्या बाई होत्या, सल्तचा एक मिठाईवाला होता. ह्यांची साइट पाच मिनिटं बंद पडली तरी ह्यांचा जीव टांगणीला. त्यांना काय झालंय, कुठवर आलंय हे कळवणं, एवढंच रुदैनाचं काम. अकरा वर्षं ती ते करत होती आणि तिला ते मनापासून आवडायचं.

"उम्म ऐहम, माझी साइट झोपली का गं?" अबू सख्र फोनवर विचारायचे. रुदैना ऐहमची आई, म्हणून सगळे तिला उम्म ऐहम म्हणत. सूचना त्यांच्या फोनवर आधीच पोहोचलेली असायची, पण वाचायची कुणी?

"झोपली नाही, अबू सख्र. डुलकी लागलीय. दर अर्ध्या तासानं कळवते."

"मग लिही. तू लिहिलंस की मला बरं वाटतं."

सूचनेच्या चार पायऱ्या ठरलेल्या. आधी 'शोध सुरू आहे', मग 'कारण सापडलं', मग 'लक्ष ठेवून आहोत' आणि शेवटी 'निवारण झालं'. दर तीस मिनिटांनी नवी सूचना गेलीच पाहिजे, सांगण्यासारखं काही नसलं तरी. एकदा गेलेली सूचना पुसायची नाही, चुकली असेल तर खाली दुरुस्ती लिहायची. हे कंपनीचे नियम. रुदैनाचा स्वतःचा नियम आणखी एक होता. ग्राहकानं स्वतः 'हो, चालू झालं' म्हटल्याशिवाय ती निवारणाचं बटण दाबत नसे. सात वर्षांपूर्वी एकदा घाईघाईत दाबलं होतं, आणि झगेवाल्या बाईंची साइट ऐन लग्नसराईत आणखी दोन दिवस बंद राहिली होती. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू झालं म्हणून लिहिलंस, म्हणून मी फोन करणं सोडलं." ते वाक्य रुदैनाच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

२

महिन्यापूर्वी तिच्या हाताखाली उस्ताझ, म्हणजे मास्तर, म्हणून ओळखले जाणारे वदीअ रुजू झाले. वय अठ्ठावन्न, कोट तपकिरी, मिशा पांढऱ्या आणि अरबी अशी की ऐकणाऱ्यानं सावरून बसावं. एकतीस वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिराती लिहिल्या होत्या. वर्तमानपत्र बंद पडलं. मरणारे काही थांबले नाहीत, पण जाहिराती फोनवर जाऊ लागल्या आणि उस्ताझ घरी बसले.

त्यांची पहिली सूचना कचेरीत अजून पाठ होती. "ईश्वरी निर्णयापुढे नतमस्तक होऊन कळवण्यास दुःख होते की, ईमेलची सेवा आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी थांबली. तिच्या पश्चात तीनशे बारा ग्राहक असा परिवार आहे."

रुदैना हसून हसून बेजार झाली होती. साहेब मात्र हसले नाहीत. नस्रीसाहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि त्यांच्या कोटाला कधी सुरकुती नसायची. ह्या सोमवारी पुन्हा तोच विषय काढून ते म्हणाले, "उस्ताझ, सर्व्हर मेला नव्हता. बंद पडला होता."

"फरक मला समजतो साहेब. हाताला समजायला वेळ लागतोय."

"या गुरुवारी तुमचा महिना भरतो. आणखी एक असली सूचना दिसली तर रविवारपासून तुम्ही मोकळे."

एवढं बोलून नस्रीसाहेब मेव्हण्याच्या लग्नाला अकबाला गेले, ते रविवारी परतणार होते.  संध्याकाळी उस्ताझ रुदैनाला म्हणाले, "घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही की माझी नोकरी कच्ची आहे. तिला वाटतं मी इथे संपादक आहे."

"तसे तुम्ही आहातच. फक्त मजकुराला जरा जिवंत ठेवा."

"प्रयत्न करतो," उस्ताझ गंभीरपणे म्हणाले.

३

मंगळवारी सकाळी तिनं त्यांना सरावाला बसवलं.

सरावासाठी एक नववी ओळ होती. ती ग्राहकांना दिसत नसे. कचेरी पूर्वी दातांचा दवाखाना होती. खोल्यांवर पितळी आकडे अजून तसेच होते, एक ते अकरा. अकरा नंबरनंतर कॉरिडॉर संपायचा, भिंत यायची आणि भिंतीला टेकून पाण्याचं कूलर उभं असायचं. सहा वर्षांपूर्वी रुदैनानं गंमत म्हणून सरावाच्या ओळीला नाव दिलं, 'बारा नंबरची खोली'. जी खोलीच नाही, तिथे काय हवं ते बिघडू दे. नव्या माणसानं लिहावं, 'बारा नंबरमध्ये दिवा गेला आहे', 'बारा नंबरमध्ये थंडी वाजते आहे', आणि पाठवावं. सूचना कुणालाच जायची नाही. बहुतेक वेळा सगळ्यात सोपा विषय द्यायचे, 'बारा नंबरचं दार उघडत नाही'. दुसऱ्या पायरीपर्यंत चहा यायचा आणि सराव तिथेच राहायचा.

उस्ताझनी दाराचाच विषय घेतला. बाह्या सावरल्या, अर्धा तास खपले आणि पाठवून मोकळे झाले. रुदैनानं वाचलं.

"बारा नंबरच्या खोलीचे दार उघडत नसल्याचे कळवण्यात येते. आमचे सहकारी प्रयत्न करीत आहेत." इथवर ठीक होतं. तिनं मान डोलावली. पण खाली आणखी एक ओळ होती. "संबंधितांची भेट आजपासून तीन दिवस, दुपारी चार ते सहा, आमच्या कचेरीत, तिसरा मजला, स्वीकारली जाईल."

"उस्ताझ."

"काय झालं?"

"भेट कसली स्वीकारताय?"

उस्ताझनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. निधनाच्या जाहिरातीत शेवटची ओळ तीच असते, सांत्वनाला लोकांनी कुठे आणि किती वाजता यायचं. एकतीस वर्षं ती ओळ त्यांच्या बोटांतून आपोआप उतरत आली होती.

"जाऊ द्या," रुदैना हसत म्हणाली. "येतंय कोण? ही सूचना कुणालाच जात नाही."

ती पान बंद करणार होती, तेवढ्यात तिची नजर सूचनेखालच्या बारीक अक्षरांवर गेली. प्रत्येक सूचनेखाली ती किती जणांना पोहोचली हे लिहिलेलं असतं. इथे शून्य असायला हवं होतं.

तिथे लिहिलं होतं, 'पोहोच: १'.

४

सगळ्यात आधी तिला वाटलं, उस्ताझनी चुकून स्वतःचाच पत्ता घातला असेल. तसं नव्हतं. मग वाटलं, आपलाच असेल. तोही नव्हता. तिनं वर्गणीदारांची यादी काढली. एकच ओळ, नावाच्या जागी नुसती एक रेघ. नोंद झाल्याची तारीख सहा वर्षांपूर्वीची. तिनं ती नववी ओळ तयार केली त्याच दिवशी, दोन मिनिटांनी.

म्हणजे यंत्राचीच काहीतरी खोड, ती मनाशी म्हणाली. यंत्रं स्वतःची नोंद करून ठेवतात कधीकधी. असं तिनं आजवर कधी ऐकलेलं नव्हतं, पण कारण पटण्याजोगं होतं आणि तिला ते पटवून घ्यायचं होतं.

पण ग्राहक सूचनेला उत्तर देऊ शकतात. ती उत्तरं एका पेटीत जमतात. सरावाच्या ओळीची पेटी कुणी कधी उघडलेली नव्हती. तिनं उघडली.

सहा वर्षांची उत्तरं होती. सगळी लहान, सगळी सभ्य.

"सूचनेबद्दल आभार. दिवा गेला आहे हे खरे आहे. घाई नाही."

"दिवा आला. फार उपकार झाले."

"थंडी आहे. तुम्ही कारण सापडले असे लिहिले, ते वाचून धीर आला. घाई नाही."

दाराबद्दलची तर ढीगभर होती. दर नव्या माणसाच्या सरावागणिक एक. "दार उघडत नाही हे आपण पुन्हा लक्षात घेतलेत, आभारी आहे. पुढची सूचना तीस मिनिटांनी, असे लिहिले आहे. वाट पाहतो."

त्या तीस मिनिटांना कुठे चार वर्षं झाली होती, कुठे पाच.

 रुदैनाला भीती नंतर वाटली, आधी लाज वाटली. झगेवाल्या बाईंनंतर एकाही माणसाला अर्ध्या तासाच्या वर अंधारात ठेवलं नाही असं ती सगळ्यांना सांगत आलेली होती.

"कुणीतरी थट्टा करतंय," ती मोठ्यानं म्हणाली.

उस्ताझ तिच्या खांद्यावरून वाचत होते. "सहा वर्षं थट्टा करायला फार चिकाटी लागते, उम्म ऐहम."

तेवढ्यात पेटीत नवं उत्तर आलं. "निमंत्रणाबद्दल मनःपूर्वक आभार. चार ते सहा. अवश्य येतो."

५

"दुरुस्ती लिहू," रुदैना म्हणाली. "भेटीची ओळ चुकून पडली, क्षमस्व. झालं."

"ते जमायचं नाही."

"का नाही जमायचं?"

"एकदा छापलं की लोक येतात. त्यांना येऊ नका म्हणणं हा अपमान आहे. एकतीस वर्षांत मी एकच जाहिरात मागे घेतली. मेलेल्या गृहस्थांनी स्वतः फोन केला होता."

"आणि मग?"

"तरी चाळीस माणसं आली. गृहस्थांनी सगळ्यांना कॉफी पाजली. काय करणार?"

रुदैनाला हसू आलं. शिवाय दुरुस्ती लिहिली तरी प्रकरण उघडंच राहणार आणि रविवारी साहेबांच्या नजरेस पडणार होतं. नस्रीसाहेब आल्या आल्या उघडी राहिलेली प्रकरणं तपासत. मिटलेल्या प्रकरणांत डोकावण्याएवढा उत्साह त्यांच्यात नव्हता. प्रकरण गुरुवारपर्यंत रीतसर मिटलं, तर उस्ताझची नोकरी टिकत होती. न मिटलं, तर उस्ताझ घरी आणि त्यांच्या बायकोला संपादकाची खरी गोष्ट कळणार.

"आपण निवारणच लिहून टाकलं तर?" उस्ताझनी दबकत विचारलं. "दार उघडलं, म्हणून. दिव्याचं निवारण लिहिल्यावर दिवा आलाच होता ना तिकडे?"

रुदैनानं पेटीतली ती उत्तरं पुन्हा वाचली. दिवा लिहिल्यावरच आला होता.

"निवारण लिहिलं की प्रकरण बंद होतं, उस्ताझ. मग दाराचं कुणी बघत नाही. गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत मी ते बटण दाबणार नाही."

"मग गिऱ्हाईक येऊ दे," उस्ताझ म्हणाले आणि वेलदोडे आणायला खाली उतरले.

सांत्वनाला येणाऱ्याला द्यायची ती कडू कॉफी त्यांनी जातीनं उकळली. रुदैनाच्या टेबलाशेजारी बैठकीची खोली होती, मध्ये धुरकट काचेची भिंत. तिथे खुर्च्या भिंतीला लावल्या, मधल्या टेबलावर खजूर ठेवले. चार वाजले. पाच वाजले. बाकीचे लोक खोलीत डोकावून खजूर उचलत होते आणि कुणाचा वाढदिवस म्हणून विचारत होते. सव्वापाचला कूलरमधून मोठा बुडबुडा आला. पाठोपाठ भिंतीत टक् असं वाजलं, मग थांबून पुन्हा दोनदा. आत हाताला काही लागतंय का, असं कुणी चाचपावं तसं ते वाजलं.

"लिफ्टचं यंत्र भिंतीमागेच आहे," रुदैना म्हणाली.

"लिफ्ट सोमवारपासून बंद आहे," उस्ताझ म्हणाले.

सहा वाजता पेटीत उत्तर आलं. "आज जमले नाही, राग नसावा. कडी सापडली आहे. उद्या प्रयत्न करतो."

६

रात्री रुदैना छान झोपली, ह्याचं तिलाच नवल वाटलं. सकाळी तिला वाटू लागलं की हे सगळं कुठल्या तरी रिकामटेकड्या अभियंत्याचं कारस्थान आहे आणि तो शेवटी टाळ्या वाजवत बाहेर येणार. आपण रागवायचं की हसायचं हेही तिनं ठरवून ठेवलं.

बुधवारी खरा बिघाडही झाला. ईमेल वीस मिनिटं अडकलं, अबू सख्र सात वेळा फोनवर आले, आणि उस्ताझनी अशी स्वच्छ, कोरडी, जिवंत सूचना लिहिली की रुदैनानं ती दोनदा वाचली. परिवार नाही, दुःख नाही, नतमस्तक नाही.

"बघा, आलं की तुम्हाला."

"काल रात्रभर बायकोला सूचना वाचून दाखवत होतो," उस्ताझ म्हणाले. "ती म्हणाली, इतकी वर्षं तू लोकांना काय संपलं ते सांगायचास, आता काय सुरू होणार ते सांगतोस. बरं आहे हे." आणि ते चष्मा पुसत बसले. त्या क्षणी रुदैनानं ठरवून टाकलं की ह्या माणसाला घालवू द्यायचं नाही.

चार वाजता ती पाणी प्यायला गेली. कूलर भिंतीपासून हातभर पुढे आलं होतं. तिनं गुडघा लावून मागे ढकललं. भिंतीला हात टेकला तर भिंत कोमट होती. रांगेतल्या दुसऱ्या भिंतींना तिनं हात लावून पाहिला, त्या गार. पश्चिमेचं ऊन येत असेल असं ती म्हणणार होती, पण ह्या बाजूला खिडकी नव्हती आणि पश्चिम तर पलीकडे होती.

सहाला दहा कमी असताना तीन टकटकी ऐकू आल्या. दोघंही आपापल्या जागीच होती. टकटक कॉरिडॉरच्या टोकाकडून आली होती, आणि जोराची नव्हती. पाहुणा पहिल्यांदा आलेल्या घराचं दार वाजवतो तेवढीच.

उस्ताझच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तफद्दल, आत या."

रुदैनानं त्यांचा दंड धरला. पण बोलून झालं होतं.

काही आलं नाही. कॉरिडॉर रिकामाच दिसत राहिला. सहा वाजता उत्तर आलं, "कुणीतरी या म्हणाले. कित्येक दिवसांत असे ऐकले नव्हते. उद्या नक्की."

७

गुरुवारी साडेतीनलाच कचेरी रिकामी झाली. शुक्रवारच्या सुट्टीच्या ओढीनं जो तो पळाला. रुदैना आणि उस्ताझ तेवढे राहिले. खिडकीतून खालच्या शाळेतल्या सुट्टीचा कल्ला येत होता, कुणीतरी बाल्कनीत गालिचा झटकत होतं. भिण्यासारखं काही नव्हतंच. रुदैनानं निवारणाची सूचना लिहून तयार ठेवली. पाहुणा येईल, हो म्हणेल, बटण दाबायचं, घरी जायचं. बाकी कुणी कुठून कसं आलं हे तिनं स्वतःला विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

चार वीसला कूलर फरशीवरून सरकल्याचा लांब आवाज आला. मग पावलं. सावकाश, एकसारखी, अकरा नंबरवरून, दहा नंबरवरून. ती दोघं मान खाली घालून बसली होती. पावलं बैठकीच्या खोलीत शिरली. खुर्ची वाजली.

रुदैनानं डोळे उचलले. धुरकट काचेपलीकडे एक बसलेली आकृती होती. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. सांत्वनाला लोक बसतात तशी.

"मी जातो," उस्ताझ म्हणाले.  डाव्या हातात किटली, उजव्या हातात कप, अशी रीत पाळत ते आत गेले.

बऱ्याच वेळानं बाहेर आले. चेहरा पांढरा पडलेला, पण मिशा जागच्या जागी.

"कसे आहेत?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नीट बसलेत. कॉफी घेतात."

"दिसायला कसे आहेत म्हणते मी."

"अशा वेळी तोंडाकडे बघायचं नसतं, उम्म ऐहम. मी कपाकडे बघत होतो." ते थोडं थांबले. "हात बघितला. हात फार स्वच्छ आहे. वापरलेलाच नसावा, इतका. आणि कप हलवत नाहीत."

पुरे झालं म्हणायचं तर पाहुणा कप हलवून परत देतो. न हलवता दिला की वाढणाऱ्यानं पुन्हा भरायचा. उस्ताझ पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर आले, पुन्हा गेले. पाचव्यांदा ते किटली भरायला थांबले, तेव्हा काचेपलीकडे रुदैनाला दोन आकृत्या दिसल्या. खुर्चीच्या पाठीची सावली असेल, ती म्हणाली. मग तिसरी सावली हलली आणि बसली.

"उस्ताझ, आत किती जण आहेत?"

"मी एकालाच वाढतोय," उस्ताझ म्हणाले. "पण दर वेळी कप वेगळ्या खुर्चीवरून येतोय."

८

सहाला पाच कमी होते. रुदैनानं मनाचा हिय्या केला आणि रीतीप्रमाणे ग्राहकाला विचारलं. मजकूर तिच्या रोजच्यासारखाच उतरला. "दार उघडलं आहे असं आम्हाला दिसतं. तुमच्या बाजूनं खात्री कराल का? आपण आलात, आनंद झाला."

उत्तर लगेच आलं.

"दार उघडले, हो. देव तुमचे भले करो. पण मी अजून आलेलो नाही. मी आतच आहे. दाराशी फार गर्दी झाली आहे आणि माझी पाळी यायची आहे. जे पुढे आले त्यांना मी ओळखत नाही."

तिनं ते उस्ताझना दाखवलं.  खाली शाळेचं फाटक बंद झालं होतं. कॉरिडॉरमधून पुन्हा पावलं आली. ह्या वेळी ती सुटी सुटी नव्हती.

पडद्यावर निवारणाची सूचना तयार होती. ग्राहकानं हो म्हटलं होतं. नियमानं तिचं काम संपलं होतं. बटण दाबलं की प्रकरण मिटणार होतं, भेटीच्या निमंत्रणावर उघडलेलं दारही मिटणार होतं हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रविवारी साहेबांना काही दिसणार नव्हतं, उस्ताझ संपादक राहणार होते. जे आत आलेत ते कॉफी पिऊन केव्हातरी उठतील. सहा वर्षं घाई नाही म्हणणारा एकटा तेवढा पलीकडे राहील. आणि सूचना वाचेल, निवारण झालं, आणि पुन्हा कधी लिहिणार नाही.

"उस्ताझ, तुमची नोकरी," ती म्हणाली. 

उस्ताझ धुरकट काचेकडे बघत होते. आता तिथे आकृत्या वेगळ्या काढता येत नव्हत्या, नुसतं गडद झालं होतं. त्यांनी कोटाची बटणं लावली.

"भेटीची वेळ मीच छापली," ते म्हणाले. "माणूस दारात उभा असताना पंगत उठवायची म्हणजे काय? लिहा. वेळ वाढवली म्हणून लिहा. साहेबांचं रविवारी बघू."

रुदैनानं तयार मजकूर खोडला. मग लिहिलं, "दार उघडं आहे आणि उघडं राहील. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत भेट स्वीकारली जाईल. सावकाश या." वाचून पाहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं पाठवून दिलं.

पलीकडे खुर्च्या सरकवल्याचा आवाज झाला. कुणीतरी कुणासाठी तरी जागा करत होतं, आणि तरी पुरत नव्हती, हे आवाजावरून कळत होतं. रुदैनानं टेबलाखालून बूट ओढून पायात घातले. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी घरी पाहुणे जास्त झाले की बाईला सुचतं तेच तिला सुचलं. तिनं स्वतःची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि बैठकीच्या खोलीकडे निघाली.

दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून दारापाशी ती अडली. आतून कुणीतरी दार उघडून तिच्यासाठी धरून ठेवलं. तिनं मान खालीच ठेवली. चौकटीवर टेकलेली बोटं तेवढी दिसली, फार स्वच्छ आणि मोजायला गेलं तर जरा जास्तच.

"आभारी आहे," रुदैना म्हणाली आणि खुर्ची घेऊन आत गेली.